मिल एंडकडे पाठ

ब्रॅक्सबी
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,
जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस, हातपाय शाबूत आहेत. माझा फोन मी आमच्या किटमनच्या, म्हणजे जर्सी-बूट सांभाळणाऱ्याच्या, कपाटात कुलुपात ठेवून दिलाय. मॅच संपली की खेळाडूंच्या फोनवर शिव्यांची जी घाण येते, ती वाचायची नाही असं ठरवलंय. घरच्यांसाठी एक बटणांचा साधा फोन घेतलाय, पण तुला फोन केला की तूच बोलतेस आणि मी नुसता हुंकार देतो. म्हणून पत्र. इंग्लंडात येऊनही दर रविवारी मला शुद्धलेखन घालायचीस, त्याचा सूड समज.

बातमी अशी, की काल मी खेळलो. ब्रॅक्सबी टाऊनचा मुख्य गोलकीपर घोटा मोडून बसलाय, त्यामुळे एकविसाव्या वर्षी गजभिये घराण्यातला पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू मैदानात उतरला. जर्सीवर मात्र गजभिये नाही, ‘प्रॅब’ आहे. छापणारा म्हणाला, “टू लाँग, मेट.” आमच्या पोलिश डिफेंडरचं नाव या काखेपासून त्या काखेपर्यंत जातं, ते बरं मावलं.

क्लबचं चिन्ह तुला आवडेल. निळ्यावर पांढरं चाक. इथल्या जुन्या गिरणीचं आहे म्हणे. ट्रायलला आलो तेव्हा गेटवर ते बघून वाटलं, चुकून नागपुरात आपल्या इंदोऱ्यातच आलो की काय!

पण आपली वस्ती नव्हेच ती. आमच्या एका गोलमागे मिल एंड नावाचा स्टँड आहे. सगळ्यात स्वस्त तिकिटं आणि सगळ्यात मोठा आवाज. अर्धा सामना माझी पाठ तिकडे असते. काल बाजूनं उंच आलेला एक क्रॉस हातातून निसटला आणि गोल झाला. मग मागून सुरू झालं. आधी टॅक्सी चालव म्हणाले, मग माझ्या अंगाला कसला वास येतो ते सांगितलं, मग आपल्यासारख्या रंगाच्या माणसांना इथे शिवी म्हणून घालतात तो ‘प’वरून सुरू होणारा शब्द. समोरच्या टीमचे नव्हते ते, आमचेच प्रेक्षक होते. तोंडं दिसत नाहीत, कारण गोलकीपरनं मागे बघायचं नसतं. नुसतं ऐकू येतं.

बाबा म्हणाले, “दुर्लक्ष कर, मी ऑफिसात बारा वर्षं तेच करतोय.” काँट्रॅक्ट मे महिन्यापर्यंत आहे, तोवर काढतो. तू मात्र मॅचला येऊ नकोस. ते शब्द तुझ्या कानावर पडलेले मला चालणार नाहीत. वचन दे.

तुझा,
प्रबुद्ध


नॉटिंगहॅम
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रबुद्ध,
सप्रेम जय भीम.

पत्रात शुद्धलेखनाच्या चुका फक्त दोन. माझे रविवार वाया गेले नाहीत.

आधी कामाचं. तुमच्या गोलकीपरचा घोटा नीट मोडला असेल, तर वसंत ऋतू आल्याशिवाय तो उभा राहत नाही. मी एक्स-रे काढणारी बाई आहे, असे घोटे रोज बघते. तेव्हा जागा तुझी आहे. कुणी उपकार केल्यासारखी घेऊ नकोस.

टू लाँग काहून? सगळं इंग्लंड पोलिश नावं लिहितं, वेल्समधल्या स्टेशनांच्या पाट्या लिहितं, आणि गजभियेलाच कापड कमी पडतं?

तुझ्या बाबाचं ‘दुर्लक्ष’ मला पाठ आहे. माझा धाकटा भाऊ आहे तो. त्याला राग येत नाही असं नाही, तो राग गिळतो आणि मग अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेतो. तू तसलं काही करू नकोस. उलट शिवीही द्यायची नाही. मैदानात शिट्टी घेऊन माणूस उभा केलाय तो कशासाठी? अशा वेळी काय करायचं याचा नियम असणारच. आधी तो वाच, दोनदा वाच, मग काय ते कर. आपल्या घरात भांडणं अशीच झाली आहेत, पुस्तक उघडून.

मॅचला येत नाही, काळजी करू नकोस. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्यात ही थंडी. सहज विचारते, तो मिल एंड म्हणजे स्टेशनकडून आलं की डाव्या हाताला का? आमच्या डिपार्टमेंटमध्ये एक जण विचारत होता.

चाकावरून आठवलं. तुझ्या आजोबांचा, म्हणजे आमच्या हरिदासबापूंचा मोठा निळा झेंडा माझ्याकडेच आहे. सहा वर्षांचा असताना गच्चीवर झेप घेताना तू तो फाडला होतास. मी माझ्या पिवळ्या ब्लाउजचं कापड लावून शिवला. समोर बॉल नसला तरी तुला झेप घ्यायचीच असायची. आता बॉल आहे, तर घे.

तुझी,
रचनाआत्या


ब्रॅक्सबी
७ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,
जय भीम.

नियम वाचला. दोनदा. कुणी असं बोललं तर मी रेफरीला सांगू शकतो आणि तो खेळ थांबवू शकतो. थांबवला की काय होईल ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. अख्खं स्टेडियम माझ्याकडे बघणार, आणि उद्यापासून मी गोलकीपर नाही, ‘तो तक्रार करणारा’. म्हणून अजून धीर होत नाही.

काल घरच्या मैदानावर बरोबरी झाली. दोन चांगले बॉल अडवले. मिल एंडमधला तो एक आवाज आता मी ओळखतो, जाड, घोगरा. काल एक गंमत झाली. त्यानं नेहमीचं वाक्य सुरू केलं आणि ते मध्येच थांबलं. जणू कुणी तोंडावर हात ठेवला. मग बराच वेळ काही नाही. पुढे पुन्हा सुरू झालं, पण मधली ती शांतता मला फार आवडली.

आता तुझं. बाबा म्हणाले, सहा डिसेंबरला तू बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमाला नव्हतीस. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाला तू नाहीस, असं या देशात आल्यापासून कधी झालं नाही. मेणबत्त्या कुणी आणायच्या यावरून म्हणे गोंधळ झाला. तुला काय झालंय? हॉस्पिटलात काम करणारी माणसं स्वतःचं दुखणं लपवतात, हे तूच सांगायचीस. माझ्यापासून काही लपवत असशील तर मला खरंच राग येईल.

प्रबुद्ध


नॉटिंगहॅम
१२ डिसेंबर २०२५

प्रिय प्रबुद्ध,
सप्रेम जय भीम.

मला काहीही झालेलं नाही. गुडघा धरला होता, एवढंच. वंदना सकाळी घरीच घेतली. बाबासाहेब काही हजेरी घेत नाहीत, तुझा बाबा घेतो.

तू उजवीकडे झेप घेताना डावा गुडघा आखडता घेतोस. त्यामुळे हात वीतभर कमी पोचतो. पहिल्या हाफमध्ये पाऊस डोळ्यांवर येत होता तेव्हा ठीक, पण दुसऱ्या हाफमध्ये वारा पाठीशी होता. तेव्हा काय झालं होतं? हायलाइट्समध्ये स्पष्ट दिसतं. मला फुटबॉल कळत नसेल, गुडघे कळतात.

धीर होत नाही म्हणतोस. तो आधी होत नसतोच रे. मी पहिल्यांदा एका साहेबाला “माझी जात विचारण्याचं कारण काय?” असं विचारलं, तेव्हा मलाही धीर नव्हता. विचारून झाल्यावर तो आला.

स्वेटर पाठवतेय. निळा आहे. मी विणलेला नाही, विकत घेतलाय, तेव्हा बिनधास्त घाल.

रचनाआत्या


ब्रॅक्सबी
४ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

थांबवला. काल मी खेळ थांबवला.

दुसरा हाफ, मिल एंड माझ्या पाठीशी. एक-एक अशी बरोबरी. मी एक सोपा बॉल धरला आणि तेवढ्यात तो घोगरा आवाज आला. होडीत बस आणि परत जा, आणि पुढे तो शब्द. भोवतीचे काही जण हसले. त्या शब्दापेक्षा ते हसणं मला जास्त लागलं. मी बॉल लाथ मारून बाहेर घालवला आणि रेफरीकडे निघालो. पळालो नाही, चालत गेलो. धीर आधी नव्हताच, तू सांगितलंस तसं. त्याला सांगितलं, काय म्हणाले आणि आवाज कुठून आला, उजव्या खांबाच्या मागून. त्यानं दोन्ही कॅप्टनना बोलावलं आणि स्पीकरवरून घोषणा झाली. मग अख्ख्या मिल एंडनं माझी हुर्यो उडवली. माझी! शिवी देणाऱ्याची नाही.

मी परत गोलमध्ये येऊन उभा राहिलो. त्या हुर्योतून एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू येत होत्या. हातात लोकरी मोजे असावेत, कारण आवाज थप थप असा येत होता. मग दुसऱ्या कुणीतरी साथ दिली. त्या दोन माणसांच्या टाळ्यांवर मी उरलेला सामना खेळलो. गोल होऊ दिला नाही. आम्ही दोन-एक जिंकलो.

खरी मजा नंतर. क्लबची मीडिया ऑफिसर एक कागद घेऊन आली. त्यावर माझ्या नावानं लिहून ठेवलं होतं, की हे एकट्यादुकट्याचं काम आहे आणि मी ते मागे टाकून पुढे गेलोय. म्हणाली, फक्त हो म्हण. मी म्हटलं, मी कुठेही पुढे गेलेलो नाही, मी गोलमध्येच उभा आहे. ज्यांनी केलं त्यांना हलवा. मग तिनं तो कागद फाडला आणि, खोटं नाही सांगत, मला चहा आणून दिला.

रात्रभर छान झोप लागली. उजवीकडे झेपावताना गुडघा आखडला नाही, हेही कळवतो.

प्रबुद्ध


नॉटिंगहॅम
६ जानेवारी २०२६

माझ्या राजा,

तुझं पत्र डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. निम्म्यांना मराठी येत नाही, तरी ऐकवलं.

मला तुझा इतका अभिमान वाटतो, की लिहिताना अक्षर बिघडतंय. बापू असते तर बोलले नसते, नुसते गच्चीवर जाऊन उभे राहिले असते, आणि आपण समजून घेतलं असतं.

रेडिओवर ऐकलं मी सगळं. टाळ्यासुद्धा.

तुझी,
आत्या


ब्रॅक्सबी
२२ मार्च २०२६

प्रिय आत्या,
जय भीम.

बरेच दिवस लिहिलं नाही. सांगण्यासारखं चांगलं पुष्कळ होतं, पण ते लिहायला बसलं की वाईटच आधी आठवायचं.

तर आधी चांगलं. त्या घोगऱ्या आवाजाच्या माणसावर क्लबनं कायमची बंदी घातली. मिल एंडमधल्याच दोन बायकांनी साक्ष दिली म्हणे. नावं क्लब सांगत नाही. आमचा मुख्य गोलकीपर बरा झालाय आणि बाकावर बसलाय. मी खेळतोय. फेब्रुवारीत क्लबचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू मी होतो. किटमन सांगत होता की मिल एंडमध्ये हल्ली हाफटाइमला लोक कसले तरी हिरवे तळलेले रोल खातात आणि त्यावरून भांडतात. बहुतेक नवीन स्टॉल आलाय.

आणि क्लबनं मला आणखी दोन वर्षांचं काँट्रॅक्ट देऊ केलंय. एप्रिलअखेर उत्तर द्यायचंय. मी नाही म्हणणार आहे.

आत्या, मी घाबरलेलो नाही. मी दमलोय. आता कुणी शिव्या देत नाही, पण माझं नाव पुकारलं की मिल एंडमध्ये एक गारठा पसरतो, तो मला पाठीवर कळतो. मी बॉल अडवला की टाळ्या बॉलला मिळतात, मला नाही. बाबांचे मित्र मुरलीधरकाका बर्मिंगहॅममधल्या त्यांच्या बँकेत नोकरी देतायत. माझी डिग्री पुरी होत आली आहे. बाबा खूश आहेत.

आणि एक गोष्ट सांगतो, रागावू नकोस. येऊ नकोस असं मीच म्हणालो होतो. पण तू खरंच आली नाहीस. गाडीनं तासाभराचा रस्ता, आणि अख्ख्या सीझनमध्ये एकदाही नाही. मला वाटलं होतं तू ऐकणार नाहीस. तू कधीच कुणाचं ऐकत नाहीस, मग माझंच कसं ऐकलंस?

प्रबुद्ध


नॉटिंगहॅम
२७ मार्च २०२६

प्रबुद्ध,
जय भीम.

तुझं शेवटचं वाक्य वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

नोकरी घ्यायची असेल तर जरूर घे. बँक वाईट नाही. पण घेण्याआधी स्वतःला एवढंच विचार, बँक आवडते म्हणून जातोयस की मिल एंड आवडत नाही म्हणून? तुझ्या जाण्याचं कारण दुसऱ्यांनी ठरवलेलं मला आवडणार नाही. उत्तर काही आलं तरी मी तुझ्याच बाजूला आहे.

चौदा एप्रिलला तुझी मॅच आहे हे माहीत आहे. मंगळवारची संध्याकाळ. इथे दुपारी जयंतीचा कार्यक्रम आहे, मी त्यात अडकलेली असेन.

आत्या


ब्रॅक्सबी
१५ एप्रिल २०२६

आत्या!

तू खोटारडी आहेस. सगळ्या गजभियांत एक नंबरची खोटारडी.

काल पहिल्या हाफमध्ये मी पलीकडच्या गोलमध्ये होतो, मिल एंड समोर, लांब. हाफटाइम जवळ आला असताना तिकडे एक मोठा निळा झेंडा वर आला. मधोमध पांढरं चाक. लोकांनी तो डोक्यावरून पुढे पुढे दिला, वरच्या रांगेपासून खालच्या कठड्यापर्यंत, हात वर करून, गाणी म्हणत. मला वाटलं, क्लबचा नवीन झेंडा असेल. छान दिसतोय, एवढाच विचार आला.

दुसऱ्या हाफसाठी मी त्या गोलकडे चालत गेलो. झेंडा कठड्यावर पसरला होता. कोपऱ्यात पिवळं ठिगळ.

मी जागच्या जागी उभा राहिलो. माझ्या जन्माआधीचा, बापूंच्या खांद्यावरचा, इंदोऱ्याच्या मिरवणुकीतला झेंडा, आणि तो ब्रॅक्सबीच्या लोकांनी डोक्यावरून वाहून आणलेला. वर बघितलं तर उजव्या खांबाच्या मागे, चौथ्या-पाचव्या रांगेत, एक पांढरी साडी एका म्हातारीच्या मागे लपायचा प्रयत्न करत होती. आत्या, त्या स्टँडमध्ये पांढऱ्या साडीला लपायला जागा नाही गं.

मग एकदम सगळं डोक्यात आलं. लोकरी मोजे. हिरवे रोल. त्या तुझ्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या होत्या ना? सहा डिसेंबर. वाऱ्याची दिशा. आणि हायलाइट्समध्ये गुडघा दिसतो म्हणे!

पुढचा अर्धा सामना मी कसा खेळलो ते मला माहीत नाही. एकदा चक्क मागे वळून बघितलं आणि त्यांचा फॉरवर्ड जवळजवळ गोल करून गेला. तेव्हा मागून मराठीत ओरडा आला, “प्रबुद्धा, समोर बघ ना बे!” मी हसलो. गोलमध्ये उभा राहून मोठ्यानं हसलो. शेवटच्या मिनिटाला उजवीकडे झेप घेतली आणि हात पोचला. दोन-एक जिंकलो.

मॅचनंतर मी धावत बाहेर आलो तर तू निघून गेली होतीस. शेवटची ट्रेन म्हणे. सगळं लिही. काहीही गाळू नकोस.

प्रबुद्ध


नॉटिंगहॅम
१९ एप्रिल २०२६

प्रिय प्रबुद्ध,
सप्रेम जय भीम.

हो. खोटारडी आहे. पहिल्या पत्राला उत्तर पोस्टात टाकलं आणि त्याच दिवशी तिकीट काढलं. तेव्हापासून घरच्या मैदानावरची तुझी एकही मॅच मी चुकवलेली नाही. तू मला येऊ नको म्हणालास, कारण ते शब्द माझ्या कानावर पडू नयेत. पण ते तुझ्या पाठीवर पडत असताना मी घरी वरणाला फोडणी देत बसू? आणि सांगितलं नाही ते यासाठी, की तू मागे वळून बघशील. बघितलंसच की.

आधी मला फक्त त्यांची तोंडं बघायची होती. तुला दिसत नव्हती ती. पहिल्या दिवशी मी कोट गळ्यापर्यंत बंद करून बसले आणि सगळं ऐकलं. घरी येताना ट्रेनमध्ये रडले. सहा डिसेंबरला तो घोगऱ्या आवाजाचा माणूस माझ्या बरोबर पुढे होता. त्यानं तोंड उघडलं तशी मी त्याच्या खांद्यावर टकटक केली आणि म्हटलं, “ही इज माय नेफ्यू. से इट टु मी.” त्यानं माझ्याकडे बघितलं आणि गप्प बसला. तुला आवडलेली शांतता ती. फार टिकली नाही, पण तेव्हा शेजारच्या म्हातारीनं मला तिच्या थर्मासमधला चहा दिला. ती मॉरीन. लग्नाच्या आधीपासून त्याच खुर्चीत बसते. जानेवारीत दुसऱ्या टाळ्या तिच्या होत्या. साक्षही आम्ही दोघींनीच दिली.

सांबारवडी तिच्यासाठीच नेली होती. मागच्या रांगेनं वासावरून तोंडं वाकडी केली. पुढच्या मॅचला मॉरीननं त्यांना एकेक खायला लावली. आता त्या मिळाव्यात म्हणून ते माझ्याशी गोड बोलतात. पण म्हणून ती सगळी माणसं चांगली झाली, असं मी तुला सांगणार नाही. काही झाली. काही नुसती गप्प झाली. एक जण अजूनही मी आले की जागा बदलतो. बदलू दे. जागा त्याची जाते, माझी नाही.

आता झेंडा. तो मी तिकडे मुद्दाम नेलाच नव्हता. जयंतीच्या कार्यक्रमातून तशीच स्टेशनवर धावले, झेंडा पिशवीतच राहिला. तिथे थंडी इतकी, की मी तो काढून गुडघ्यांवर घेतला. मागून कुणीतरी ओरडलं, “दॅट्स अ ब्यूटी, लव्ह, गेट इट अप!” त्यांना वाटलं, बाईनं क्लबचा झेंडा शिवून आणलाय. निळा, पांढरं चाक, आणि मी पांढऱ्या साडीत. पार भक्त दिसत असणार मी ब्रॅक्सबीची. मी “नो, नो” म्हणेपर्यंत तो माझ्या हातून गेला होता.

माझा जीव असा वर आला म्हणून सांगू. बापूंचा झेंडा, आणि तो या लोकांच्या हातात! जानेवारीत तुझी हुर्यो उडवणारे ते हात मी ओळखत होते. वाटलं फाडतील, बिअर सांडतील, पायाखाली घालतील. आणि ते गात गात, जपून, एकमेकांना “माइंड द कॉर्नर” सांगत तो खाली देत होते. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

मॅच संपल्यावर गॅरी नावाचा एक दांडगा माणूस झेंडा घेऊन वर आला. जानेवारीतल्या हुर्योत तो सगळ्यात पुढे होता. आम्ही दोघांनी चार कोपरे धरून घडी घातली. तो म्हणाला, “कुठून आणला? मला माझ्या पोरीसाठी हवा.” मी क्षणभर विचार केला, राहू दे, कशाला सांगायचं. मग म्हटलं, नाही, इथे दुर्लक्ष नाही. सांगितलं त्याला. हे तुझ्या गिरणीचं चाक नाही, बाबा. हे अशोकचक्र आहे, हा आमच्या माणसांचा झेंडा आहे, ज्यांना पाणवठ्यावर येऊ देत नव्हते त्यांचा, आणि आज आमच्या नेत्याची जयंती आहे. तुमच्या गोलमध्ये उभा राहतो तो मुलगा त्याच माणसांपैकी आहे. माझा भाचा.

त्यानं घडीवरून हात फिरवून एक सुरकुती सरळ केली. “राइट,” म्हणाला. मग म्हणाला, “आणि आम्ही तो उचलून नाचवला.” मी म्हटलं, “छान उचललात.” त्यानं झेंडा माझ्या पिशवीत ठेवला, स्टेशनपर्यंत पिशवी त्यानंच धरली, आणि जाताना विचारलं, “त्याचं खरं नाव काय गं? प्रॅब तर नसेल.” मी सांगितलं. त्यानं तीन वेळा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा बरं म्हणाला.

बस, एवढंच. नोकरीचं काय ते तू ठरव. मी तुला अडवायला तिथे बसत नव्हते. तू एकटा उभा राहू नयेस म्हणून बसत होते.

तुझी खोटारडी,
रचनाआत्या


ब्रॅक्सबी
२८ एप्रिल २०२६

प्रिय आत्या,
जय भीम.

काल सही केली. दोन वर्षं.

गॅरीमुळे नाही आणि झेंड्यामुळेही नाही. तुझ्यामुळे थोडी, पण तुझा प्रश्न होता म्हणून. बँक आवडते का, असं मी स्वतःला विचारलं. नाही आवडत. मला झेप घ्यायला आवडतं. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून आवडतं. मिल एंड नसता तर मी हे काँट्रॅक्ट धावत जाऊन घेतलं असतं, मग तो आहे म्हणून का सोडू? जाईन तेव्हा माझा गुडघा सांगेल म्हणून जाईन.

बाबांना फोन केला. म्हणाले, “पुढच्या सीझनला मीपण येतो. रचनाताईच्या शेजारी खुर्ची मिळेल का बघ.” मी बघितलं. मॉरीनच्या पलीकडची एक खुर्ची रिकामी झालीये, तो जागा बदलणारा माणूस कायमचा दुसऱ्या स्टँडमध्ये गेलाय. बाबांना सांग, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घरी ठेवून या.

सही करण्याआधी मी एकच अट घातली. मॅनेजरला वाटलं पैसे वाढवून मागतोय. मी म्हटलं, नाही, जर्सी बदला. दुकानातल्या त्याच माणसाकडे मी स्वतः गेलो. त्यानं अक्षरं लावून बघितली आणि म्हणाला, बसतंय की. समोर टेबलावर जर्सी पालथी पसरली होती, निळी, आणि तिच्यावर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पांढऱ्या अक्षरांत गजभिये.

अर्धा सामना माझी पाठ मिल एंडकडे असते. मला त्यांची तोंडं दिसत नाहीत, पण आता त्यांना माझं पूर्ण नाव दिसेल. कुणाला काही म्हणायचं असेल तर त्यानं आधी ते वाचावं.

तुझा,
प्रबुद्ध गजभिये